अठ्ठेचाळीस तासांचा ऊस : बार्बाडोस बेटावरची पहिली पन्नास वर्षे

१६४७ साली कॅरिबियनमधल्या बार्बाडोस या इंग्रज वसाहतीच्या बेटावर एका मळ्याचा सौदा झाला. मेजर विल्यम हिलियर्ड याने आपल्या ५०० एकरांच्या मळ्यातला निम्मा वाटा टॉमस मॉडिफर्ड या नुकत्याच उतरलेल्या इंग्रजाला ७,००० पौंडांना दिला. १,००० पौंड आधी, उरलेले दर सहा महिन्यांनी दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. मळ्यावर काय काय होते याची यादी त्या वेळी तिथे राहणाऱ्या एका इंग्रजाने लिहून ठेवली. २०० एकर ऊस, ८० एकर कुरण, १२० एकर जंगल, ७० एकरांवर खाण्याची पिके, २० एकर तंबाखू, कापूस आणि आले पाच-पाच एकर. शिवाय घाणा, रस आटवण्याचे घर, साखर निथळण्याचे घर, दारूची भट्टी. कामाची ४५ जनावरे, ८ दुभत्या गाई, डझनभर घोडे-घोड्या, १६ गाढवे. आणि त्याच यादीत ९६ आफ्रिकी गुलाम, २८ गोरे करारबद्ध नोकर आणि मुलाबाळांसह ३ मूळनिवासी बायका.

सात वर्षे आधी तेवढीच जमीन ४०० पौंडांत मिळत होती. निम्म्याचे ७,००० म्हणजे सगळ्या मळ्याचे १४,०००. पस्तीसपट. ‘साखर आली आणि सगळे बदलले’ हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. कारण साखर यायच्या आधीच या बेटावर जमीन कोणाची, राबणारा कोण आणि त्याने किती वर्षे राबायचे, हे बरेचसे ठरून गेले होते.

रिकामे बेट

बार्बाडोस साधारण ४३० चौरस किलोमीटरचे, लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३. म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीहून फार वेगळे नाही. बहुतेक बेटावर प्रवाळाच्या चुनखडीचा थर आहे. पाऊस पडतो, मुरतो, आणि विहिरी-झऱ्यांतून वर येतो. नाव घेण्यासारखी नदी नाही. ईशान्येकडचा ‘स्कॉटलंड’ नावाचा डोंगराळ भाग तेवढा वेगळा. तिथे चुनखडीचा थर झिजून खालची माती आणि वाळूचा दगड उघडा पडला आहे. वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतात आणि बाकीच्या कॅरिबियन बेटांची माळ या बेटाच्या पश्चिमेला आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात याचा अर्थ असा, की इथून वाऱ्याबरोबर पश्चिमेच्या बेटांवर हल्ला करणे सोपे, तिकडून वाऱ्याविरुद्ध इथे येणे कठीण. सतराव्या शतकात कॅरिबियनमधली कितीतरी बेटे एका युरोपीय सत्तेकडून दुसरीकडे गेली. बार्बाडोस एकदाही इंग्रजांच्या हातून सुटले नाही.

इथले मूळनिवासी सोळाव्या शतकातच नाहीसे झाले होते. गुलाम पकडायला येणाऱ्या स्पॅनिश जहाजांचा त्यात मोठा हात. १६२५ मध्ये कॅप्टन जॉन पॉवेल उतरला तेव्हा दाट जंगल आणि पोर्तुगीज खलाशांनी मागे सोडलेली डुकरे एवढेच होते. त्याने राजा पहिला जेम्स याच्या नावाने बेटावर हक्क सांगितला. १७ फेब्रुवारी १६२७ रोजी त्याचा भाऊ हेन्री पॉवेल ‘विल्यम अँड जॉन’ जहाजातून ८० वसाहतवाले घेऊन आला. वाटेत लुटलेल्या जहाजावरचे दहाएक आफ्रिकी लोकही त्याच्याबरोबर होते. म्हणजे गोरी वस्ती आणि काळी गुलामी या बेटावर एकाच दिवशी उतरली.

मुंबईशी ताडून पाहिले तर फरक लगेच दिसतो. १६६१ च्या लग्नाच्या तहाने इंग्लंडच्या राजाला मुंबई बेट मिळाले तेव्हा इथे कोळी, भंडारी, कुणबी होते, नारळाच्या वाड्या होत्या, वहिवाटी होत्या. सरकारला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. बार्बाडोसवर जुळवून घ्यायला कोणीच नव्हते. जे काही उभे राहिले ते येणाऱ्यांनी आपल्या सोयीने उभे केले.

जमिनीचे वाटप

पहिली वस्ती सर विल्यम कोर्टीन या व्यापाऱ्याच्या पैशाने झाली. वसाहतवाले त्याचे पगारी नोकर. जमीन त्याची, पीकही त्याचे. पण जुलै १६२७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने सगळ्या कॅरिबियन बेटांच्या मालकीची सनद अर्ल ऑफ कार्लाइल या दरबाऱ्याला दिली. पुढच्या वर्षी कार्लाइलची माणसे नैर्ऋत्येच्या उपसागरावर उतरली. लंडनच्या काही व्यापाऱ्यांना त्याने १०,००० एकर भाड्याने दिले होते. दोन्ही टोळ्यांत मारामाऱ्या झाल्या, एकमेकांचे अधिकारी पकडले गेले आणि १६२९ पर्यंत कार्लाइलचा पक्ष वर आला. कोर्टीनचा पैसा बुडाला.

नव्या मालकाने पगार बंद करून जमिनी वाटल्या. वाटपाचा निकष एकच: तुमच्याकडे राबणारी माणसे किती? जास्त नोकर आणणाऱ्याला जास्त जमीन. सुरुवातीला पश्चिम आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या जागा गेल्या, कारण तिथे पाणी शांत आणि होडी थेट जमिनीला लावता येते. रस्ते नव्हतेच. १६३८ च्या यादीत दहा किंवा अधिक एकर असलेले सुमारे ७६० लोक आहेत. दहा एकर हा आकडा महत्त्वाचा. पुढे मताचा हक्कही दहा एकरांच्या मालकालाच मिळाला. १६३९ मध्ये प्रतिनिधींची सभा भरू लागली. १६४५ पर्यंत बेटाचे अकरा पॅरिश, म्हणजे चर्चनिहाय विभाग, झाले आणि प्रत्येकातून दोन प्रतिनिधी येऊ लागले. कर, रस्ते, गरिबांची व्यवस्था, चर्चचा खर्च हे सगळे पॅरिशच्या पंचांकडे. आपल्याकडच्या जुन्या गावकीची आठवण होईल. मात्र या पंचांत बसायला आधी जमीन लागत होती.

राहायचे कसे हेही शिकायचे होते. हेन्री पॉवेल पहिल्याच वर्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एसेक्विबो नदीच्या मुखाशी असलेल्या डच ठाण्यावर गेला. तिथून कसावा, रताळी, मका, तंबाखू यांचे बियाणे आणि ३२ अरावाक माणसे (तिथले मूळनिवासी) घेऊन आला. कडू कसाव्यात विष असते. तो किसून, पिळून, रस काढून टाकूनच भाकरी करता येते. हे ज्ञान अरावाक बायकांचे. तुम्ही मोकळे राहाल, हवे तेव्हा परत जाल, असे त्यांना सांगितले होते. पुढे त्यांना गुलाम करण्यात आले. १६५२ मध्ये म्हाताऱ्या पॉवेलने त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला. हिलियर्डच्या यादीतल्या तीन मूळनिवासी बायका पाहताना दिलेला शब्द मोडल्याचा हा इतिहास लक्षात ठेवावा.

तंबाखूची पंधरा वर्षे

जंगल तोडायचे, वाळल्यावर पेटवायचे आणि जळक्या बुंध्यांच्या मधल्या जागेत तंबाखू लावायचा, अशी पहिली शेती. तंबाखूला भांडवल कमी लागते. दहा एकर आणि दोन नोकर असले तरी पीक निघते. पण बार्बाडोसचा तंबाखू हलका. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झालेल्या जॉन विन्थ्रॉपला मुलाने इथून तंबाखू पाठवला, तर बापाने उलट टपाली सुनावले की माल घाण, देठांनी भरलेला आणि रंगाने वाईट आहे. व्हर्जिनियाच्या पानापुढे तो टिकला नाही. त्यातच खाण्याची पिके सोडून सगळे तंबाखूच्या मागे लागल्याने १६३०-३१ मध्ये उपासमार झाली. डुकरे तोवर खाऊन संपली होती.

१६३० च्या दशकाच्या अखेरीस तंबाखूचा भाव कोसळला. लोक कापसाकडे वळले, मग नीळ आणि आल्याकडे. या काळात राबणारे बहुतेक गोरे नोकर होते. पाच ते सात वर्षांच्या कराराने आलेले, जहाजाचे भाडे मालकाने भरलेले. करार म्हणजे कागद, आणि कागद विकता येत होता. मालक नोकराला विकू शकत होता, जुगारात हरू शकत होता, कर्जापोटी देऊ शकत होता. माणसाच्या श्रमाला बाजारभाव लावण्याची सवय इथे साखरेआधीच मुरली होती.

१६३६ मध्ये गव्हर्नर हेन्री हॉली आणि त्याच्या मंडळाने ठरवले, की विकायला आलेले आफ्रिकी आणि मूळनिवासी, आधी वेगळा करार झाला नसेल तर, आयुष्यभर सेवा करतील. एका ओळीचा ठराव. तेव्हा बेटावर आफ्रिकी माणसे थोडीच होती आणि ऊस व्यापारी पीक नव्हता. या प्रकरणात मला सर्वात वजनदार कागद हाच वाटतो. साखरेला हजारो माणसे लागली तेव्हा ‘कोणाला कायमचे राबवता येते’ हे ठरवायला कोणाला बसावे लागले नाही. उत्तर तयार होते.

ऊस शिकणे

१६४० च्या सुमारास काही मळेवाल्यांनी ऊस लावला. ज्ञान आले ब्राझीलमधून. तिथला पर्नाम्बुको हा भाग तेव्हा डचांच्या ताब्यात होता. जेम्स ड्रॅक्स हा या मंडळींतला अग्रेसर. डच व्यापाऱ्यांनी यंत्रे आणि उधारी पुरवली. तरी पहिली काही वर्षे वाया गेली, आणि ती का गेली हे आपल्याकडच्या ऊसकऱ्याला चटकन कळेल.

पहिली चूक लागणीची. कांड्या खड्ड्यांत उभ्या रोवल्या. फुटवे वर आले, मुळे वरचेवर राहिली, वाऱ्याने ऊस पडला. मग सहा इंच खोल चर काढून त्यात ऊस आडवे, जोडीजोडीने, टोकाला टोक लावून पुरले. प्रत्येक डोळ्यातून कोंब आला, मुळे धरली आणि पानांनी जमीन लवकर झाकल्याने तणही कमी झाले. दुसरी चूक तोडणीची. बारा महिन्यांत ऊस तोडला. तो तिथल्या मातीत पंधरा महिन्यांशिवाय पक्व होत नव्हता. आपल्या भाषेत, आडसाली ऊस सुरू समजून तोडला. साखर चिकट, ओली, काळपट निघाली. लंडनमध्ये भाव नाही. तिसरी चूक आटवण्याची, आणि ती सुधारायला वेळ लागला, कारण ती हाताची आणि डोळ्याची विद्या.

घाणा तीन उभ्या रुळांचा. लाकडी रुळांना लोखंडी पत्रा. मधला रूळ लांब दांड्याला जुंपलेले पाचएक बैल किंवा घोडे फिरवत आणि दाते बाजूच्या दोघांना फिरवत. समोरून ऊस घालायचा, मागच्या बाजूने तोच परत दुसऱ्या फटीत. थकलेल्याचे बोट सापडले तर अख्खा हात जाई. हात तोडून माणूस वाचवता यावा म्हणून घाण्याशेजारी कुऱ्हाड ठेवायची रीत पुढे पडली. रस नळीतून हौदात येई आणि तिथे एका दिवसाहून जास्त ठेवला तर आंबे. मग ओळीने पाच तांब्याच्या काहिली, मोठीपासून लहानपर्यंत, खाली चुलवाण. पहिल्या काहिलींत मळी काढायची, राखेचे क्षारपाणी घालून रस साफ करायचा. पुढच्या काहिलीत घट्ट करत न्यायचा. शेवटच्या लहान काहिलीत पाक उतू जाऊ लागला की तेलाचे दोन थेंब. आपला गुळव्याही हेच करतो. पाक अंगठा आणि बोटात धरून तार पाहायची. क्षण चुकला तर एक तर रवा धरत नाही, नाही तर जळतो.

पुढे गुऱ्हाळाशी वाट वेगळी होते. गूळ वाफ्यात ओतून ढेप केली की काम संपते. इथे रवा आणि काकवी वेगळी करायची असते. थंड झालेला पाक बुडाशी भोक असलेल्या, निमुळत्या भांड्यांत भरत. दोन दिवस-रात्रीनंतर बूच काढत. काकवी थेंब-थेंब खाली. महिनाभराने मागे उरे ती मस्कोव्हाडो, म्हणजे तपकिरी कच्ची साखर. पांढरी हवी तर वर ओल्या मातीचा थर द्यायचा आणि चार महिने थांबायचे. मळी आणि काकवी भट्टीत जाऊन दारू होई. ती आधी नोकर-गुलामांना दिली जाई, उरलेली जहाजांना विकली जाई.

घड्याळ

या सगळ्या साखळीत एक कडी लवचीक नाही. तोडलेला ऊस दोन दिवसांत गाळला पाहिजे, गाळलेला रस एका दिवसात चुलीवर चढला पाहिजे. म्हणून काम सोमवारी पहाटे एक वाजता सुरू होऊन शनिवारी रात्री थांबे. माणसे आणि जनावरे आळीपाळीने बदलत. रुळाचा दांडा मोडला, दाता तुटला, काहिलींखालचे विटांचे बांधकाम उष्णतेने तडकले, एखादी काहील फुटली किंवा विषारी झाडपाला खाऊन बैल मेले, की सगळे ठप्प. सुटा भाग इंग्लंडहून यायला महिने लागत. तोवर उभा ऊस वाया, आणि त्यामागचा ऊसही वेळेत तोडला जात नाही.

म्हणून घाणा एकाचा आणि ऊस दुसऱ्याचा, हे बार्बाडोसच्या मळेवाल्यांना धोक्याचे वाटले. रोज किती ऊस येणार हे आपल्या हातात हवे. घाणा, काहिली, निथळघर, जनावरे, कुरण, ऊस आणि माणसे सगळे एका मालकाचे, अशी रचना झाली. पण हा उसाचा अटळ नियम नव्हे. ब्राझीलमध्येच घाण्याचा मालक वेगळा आणि त्याला ऊस घालणारे शेतकरी वेगळे, साखर वाटून घ्यायची, अशी पद्धत पिढ्यानपिढ्या चालली. महाराष्ट्रातला सभासद आणि कारखाना यांचे नाते आठवा. तिथेही घड्याळ तेच, उसाची नोंद आणि तोडीची पाळी यावरून भांडणेही तीच, पण जमीन शेतकऱ्याचीच राहते. बार्बाडोसने दुसरा रस्ता घेतला, कारण मोठ्या तुकड्यांचे मालक, उधार देणारे व्यापारी आणि त्यांचेच ऐकणारी सभा आधीपासून जागेवर होती. दहा एकरवाल्याला घाणा परवडत नव्हता आणि त्याचा ऊस गाळून द्यायला शेजाऱ्याला घाई नव्हती. त्याने जमीन विकली.

नोकर की गुलाम : हिशेब

१६४० च्या दशकात पाच वर्षांच्या करारावरचा गोरा नोकर साधारण १२ पौंडांना, आफ्रिकी पुरुष ३० पौंडांच्या आसपास, बाई त्याहून थोडी स्वस्त. सरासरी २७ धरली तर हिलियर्डच्या ९६ जणांचे सुमारे २,६०० पौंड होतात. म्हणजे १४,००० च्या मळ्याचा पाचवा हिस्सा भरतो. पण नोकराचे वर्षाला २ पौंड ८ शिलिंग धरले, तर २७ पौंड वसूल व्हायला अकरा वर्षे लागतात. उसाच्या मळ्यावर माणूस अकरा वर्षे जगेलच याची खात्री नव्हती. सुरुवातीला गुलाम स्वस्त नव्हता. हिलियर्डकडे दोन्ही प्रकारची माणसे दिसतात ती म्हणूनच.

पारडे फिरले ते पुरवठ्यामुळे. बेटावर वाटायला जमीन उरली नाही. मुदत संपलेल्या नोकराला दहा एकरांऐवजी १० पौंड किंवा ४०० पौंड वजनाची साखर मिळू लागली. ही बातमी इंग्लंडमध्ये पोचली, तशी खुशीने येणाऱ्यांची संख्या घटली. मग कैदी येऊ लागले. इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या लढायांतले आयरिश आणि स्कॉटिश, १६५५ च्या बंडातले इंग्रज. ‘बार्बाडोस करणे’ हे इंग्रजीत क्रियापद झाले, माणसाला पळवून बेटावर विकण्याच्या अर्थाने. त्यातल्या दोघांनी १६५९ मध्ये पार्लमेंटपुढे तक्रार केली, की आम्हाला माणशी सुमारे १,५५० पौंड साखरेला विकले. पाच वर्षांच्या नोकराची अवस्था भाड्याच्या बैलासारखी: मुदत संपायच्या आत जेवढे काढून घेता येईल तेवढे काढायचे.

दुसरीकडे आफ्रिकी माणसांचा पुरवठा वाढत गेला. आधी डच जहाजे, मग राजाची सनद असलेली इंग्रज कंपनी. १६६३ च्या सुमारास तिने माणशी १७ पौंड किंवा २,४०० पौंड साखर असा भाव जाहीर केला. १७ पौंडांत अकरा वर्षांचा हिशेब सात वर्षांवर आला. साखर हेच चलन असल्याने ही तुलना तिथल्या माणसाच्या डोक्यात रोज चालत असणार.

ताप

१६४७ मध्येच पिवळ्या तापाची साथ आली. अनेक गोरे मेले, समकालीन अंदाज ६,००० चा. हा ताप पसरवणारा डास तोच, जो आपल्याकडे डेंग्यू पसरवतो: स्वच्छ, साठलेल्या पाण्यात, भांड्यांत वाढणारा. उसाच्या मळ्यांवर साखर निथळण्याची हजारो भांडी असत आणि हंगाम नसताना ती रिकामी पडून राहत. पाणी विहिरीचे, म्हणून घरोघर साठवण. डासाला याहून बरी सोय कोणी करून दिली नसती. पश्चिम आफ्रिकेत हा ताप जुना, लहानपणी येऊन गेलेल्याला पुन्हा होत नाही. नव्याने उतरलेला इंग्रज मात्र त्याला सहज बळी पडे. राहणीही हवेला धरून नव्हती. पूर्वेचा गार वारा वर्षभर वाहत असता पहिली घरे ठेंगणी, त्या बाजूला खिडक्या नसलेली. १६५० च्या दशकात बांधलेल्या सेंट निकोलस ॲबी या वाड्यात तर शेकोट्याही आहेत. नकाशा इंग्लंडचा, बेट तेराव्या अक्षांशावरचे.

१६६१ चे दोन कायदे

१६६१ मध्ये सभेने नोकरांसाठी एक आणि आफ्रिकी गुलामांसाठी एक असे दोन कायदे केले. ते शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हवेत. नोकराने मालकावर हात उगारला तर एक वर्ष सेवा वाढे. गुलामाने ख्रिस्ती माणसाला मारले तर पहिल्या वेळी फटके, दुसऱ्या वेळी फटके, नाक चिरणे आणि तोंडावर डाग. नोकराला ज्यूरीचा हक्क होता. गुलामाचा खटला दोन न्यायाधीश आणि तीन जमीनमालक चालवत, ज्यूरी नाही. मळ्याबाहेर पडायला चिठ्ठी लागे. शिक्षा देताना गुलाम मेला तर मालकाला काही नाही. मुद्दाम मारल्याचे ठरले तर दंड ३,००० पौंड साखर. कंपनीचा २,४०० चा भाव आठवा: दंड म्हणजे एका माणसाच्या किमतीहून थोडा जास्त. सरकारने गुलामाला फाशी दिली तर मालकाला भरपाई मिळे. मालकाचे बंधन ठरवले ते कपड्यांचे: वर्षाला पुरुषाला विजार आणि टोपी, बाईला परकर आणि टोपी. जेवण त्याच्या मर्जीवर. साधारण आठवड्याला पुरुषाला दोन खारे मासे आणि बाईला एक, बाकी मका, कसावा, रताळी.

१६६८ मध्ये आणखी एक कायदा झाला: गुलाम हे स्थावर मालमत्ता. दिसायला रुक्ष, पण परिणाम मोठा. वारसा, विधवेचा हिस्सा, गहाण यात माणसे जमिनीबरोबर जाऊ लागली. मळा हा एकसंध घटक झाला. १६७६ मध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी गुलामांना आपल्या प्रार्थनेला आणू नये असाही कायदा झाला. एकत्र जमणे हीच भीती.

भीतीला कारण होते. १६४९ च्या सुमारास नोकरांचा कट फुटला आणि १८ जणांना फाशी झाली. १६७५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टकडून आणलेल्या गुलामांनी कफी नावाच्या माणसाला राजा करण्याचा बेत केला. घरकामाच्या एका बाईच्या बोलण्यातून तो फुटला आणि ३५ हून कमी नव्हे इतके लोक मारले गेले. काही जिवंत जाळले, काहींचा शिरच्छेद. जमैकात पळालेल्या गुलामांनी डोंगरात वस्त्या केल्या. इथे लपायला जंगलच उरले नव्हते. १६६५ च्या सुमारास ते जवळपास संपले. लाकूड बाहेरून येऊ लागले आणि चुलवाणात वाळलेली चिपाडे जळू लागली.

१६८० ची मोजणी

१६५५ च्या सुमारास बेटावर अंदाजे २३,००० गोरे आणि २०,००० काळे. १६७३ मध्ये २१,३०९ आणि ३३,१८४. १६८० मध्ये गव्हर्नरने लंडनला पाठवलेल्या मोजणीत गुलाम ३८,००० हून जास्त, आणि गोरे करारबद्ध नोकर फक्त २,३१७. साठ किंवा अधिक गुलाम असलेले १७५ मळेवाले. अर्ध्याहून अधिक जमीन आणि अर्ध्याहून अधिक गुलाम त्यांचे. तीच माणसे सभेत, मंडळात, न्यायाधीशांच्या खुर्चीवर आणि पलटणीच्या हुद्द्यांवर.

या आकड्यांत न दिसणारी गोष्ट मृत्यूची. १६४० ते १७०० दरम्यान सव्वा लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे या बेटावर आणली गेली. शतकाच्या अखेरीस हयात होती ती त्याच्या निम्म्याहूनही कमी. न्यूटन मळ्याच्या दफनभूमीत १९७० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा सापडलेल्या दातांच्या लुकणावर आडव्या रेघा होत्या. वाढीच्या वयात पोटाला न मिळाल्याची ती खूण.

विकलेल्या जमिनींचे मालक आणि मुदत संपलेले नोकर बाहेर पडले. १६५५ च्या जमैका मोहिमेने इथूनच हजारो माणसे भरती केली. काही सुरिनामला गेले. १६७० मध्ये उत्तर अमेरिकेत कॅरोलायनाची वसाहत उभी राहिली तेव्हा तिथल्या प्रभावी घराण्यांत बार्बाडोसवाले होते आणि १६६१ च्या कायद्याची नक्कल त्यांच्याबरोबर गेली. जमैकाने ती १६६४ मध्येच उचलली होती. मॉडिफर्ड तोवर जमैकाचा गव्हर्नर झाला होता.

मागे राहिलेल्यांपुढे आता मातीचा प्रश्न होता. जंगल गेल्यावर उताराची माती पावसाबरोबर वाहू लागली, उसाचा उतारा घटला. गुलामांच्या डोक्यावर टोपल्या देऊन वाहून गेलेली माती परत वर नेण्यात येई. शेणखतासाठी जनावरे वाढवावी लागली, जनावरांसाठी कुरण. शतक संपता-संपता चर सोडून चौकोनी खड्ड्यांची लागण रूढ होऊ लागली: सुमारे पाच फूट चौरस, पाच-सहा इंच खोल खड्डा, भोवती मातीचा बांध, आत ऊस आणि खत. पाणी अडते, माती थांबते. युक्ती चांगली आहे. पाच फुटी चौकोनाने एकर भागला तर सुमारे १,७४० खड्डे होतात. नांगर त्यात चालत नाही. ते सगळे कुदळीने, हाताने, ओळीत उभ्या केलेल्या माणसांकडून खणले जात.